पट्टा कोणाकडे आणि गादी कोणाची?

बॉक्सिंगच्या मिडलवेट या वजनगटात सर्वांत मोठा कोण, हा वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास येतं: हॉपकिन्सने 20 वेळा किताब राखला, गोलोव्किननेही 20 वेळा राखला, म्हणजे दोघं बरोबरीचे. हा हिशेब वाचून वाचून मी थकलोय. यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे.

पट्टा, म्हणजे संघटनेने दिलेला किताब, सगळ्यांना माहीत असतो. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ या चार संघटना, प्रत्येकीचा आपला जगज्जेता. वजनाची मर्यादा सगळीकडे तीच, 160 पौंड. चारही पट्टे एकाकडे असले की तो निर्विवाद जगज्जेता. तीन असतानाच हा शब्द वापरणारे बरेच आहेत. त्यांनी तो वापरू नये.

दुसरी गोष्ट लिनियल जगज्जेतेपद, म्हणजे गादी. गादीवरच्याला रिंगमध्ये हरवायचं, तरच ती मिळते; तो निवृत्त झाला तर रिकामी जागाही लढूनच जिंकायची. गादीवरचा मोन्झोन 1977 मध्ये निवृत्त झाला, रिकामी जागा व्हाल्डेझने लढून जिंकली. त्याला कोरोने हरवलं, कोरोला अँतुओफेर्मोने, त्याला मिंटरने आणि 1980 मध्ये लंडनला मिंटरला हॅगलरने. साखळीतला प्रत्येक दुवा ठोशांनी जोडलेला आहे.

पट्टा मात्र कागदावरही हलतो, आणि लोक नेमके इथेच चुकतात. नोव्हेंबर 2015 मध्ये गादी आणि डब्ल्यूबीसीचा पट्टा दोन्ही मिगेल कोट्टोकडे होते. त्याने लढतीच्या मान्यतेसाठी लागणारी डब्ल्यूबीसीची फी द्यायला नकार दिला. कानेलोशी लढत काही दिवसांवर असताना संघटनेने त्याचा पट्टा काढून घेतला. गादी तरीही कोट्टोकडेच होती, कारण त्याला अजून कुणी हरवलं नव्हतं. कानेलोने हरवलं आणि ती कानेलोकडे गेली. पुढच्या मे महिन्यात गोलोव्किनशी लढण्यासाठी डब्ल्यूबीसीचा दबाव आल्यावर कानेलोने पट्टा सोडून दिला. संघटनेने तो गोलोव्किनला दिला, एकही ठोसा न मारता. गादी कुठे होती? कानेलोकडेच.

16 सप्टेंबर 2017 ला लास वेगासमध्ये दोघं भिडले आणि लढत बरोबरीत सुटली. एका पंचाने कानेलोच्या बाजूने 118-110 असे गुण दिले, त्याचा राग मला आजही आहे. पण निकाल जो लागला त्याने गोलोव्किनचे तिन्ही पट्टे त्याच्याकडेच राहिले आणि गादी कानेलोकडे. एकाच रात्री, एकाच रिंगमध्ये, दोन माणसं दोन वेगळ्या अर्थांनी जगज्जेती होती. पुढच्या वर्षी कानेलो पंचांच्या बहुमताने जिंकला आणि पट्टेही घेऊन गेला.

आता त्या 20 कडे पाहा. गोलोव्किनच्या सुरुवातीच्या लढती डब्ल्यूबीएच्या ‘रेग्युलर’ पट्ट्याच्या होत्या, तेव्हा त्याच संघटनेचा ‘सुपर’ जगज्जेता त्याच्या वर बसलेला होता. हॉपकिन्सचीही पहिली काही वर्षं एकट्या आयबीएफची. पण 2001 मध्ये त्याने आधी होम्सला हरवून डब्ल्यूबीसीचा पट्टा घेतला, मग मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अपराजित ट्रिनिडाडला बाराव्या फेरीत थांबवलं. ट्रिनिडाड खालच्या वजनांतून आलेला होता, हे खरं. तरी डब्ल्यूबीएचा मिडलवेट पट्टा त्याने जॉपीला हरवून मिळवला होता. हॉपकिन्सची ती 14वी राखण, आणि माझ्या लेखी खरी मोजणी तिथून सुरू होते.

हॅगलरने 12 वेळाच किताब राखला. पण बाराही वेळा तो गादीवरून लढला, समोर डुरान, हर्न्स, मुगाबी. म्हणून मी हॅगलरला दोघांच्याही वर ठेवतो.

गोलोव्किनवर अन्याय करायचा नाही. मार्टिनेझ आणि कोट्टो गादीवर असताना त्याच्यासमोर आलेच नाहीत. त्याने जेकब्ससारख्या तगड्या माणसाला बारा फेऱ्यांत हरवलं. त्याच्या वारशाबद्दल बोलताना त्याला कुणी टाळलं ते जरूर सांगा, पण ते 20 या आकड्यात मिसळू नका.