क्षेत्रघनी नकाशा

क्षेत्रघनी नकाशा म्हणजे जिल्हे, तालुके किंवा देश घ्यायचे आणि ज्याचा आकडा मोठा त्याला गडद रंग, छोटा त्याला फिकट, बस्स. नववीच्या भूगोलात टिंब आणि सममूल्य (सारख्या मूल्याची ठिकाणं रेषेने जोडायची) पद्धतीबरोबर हा असतो, आणि कोविडच्या काळात टीव्हीवर जे लाल-पिवळे जिल्हे दिसायचे ते बहुतेक हेच.

पहिला मान फ्रान्सच्या शार्ल द्युपँला देतात. त्याने १८२६ मध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण असं दाखवलं, शिक्षण कमी तिथे काळोख. इंग्रजीतलं कोरोप्लेथ हे नाव बरंच नंतरचं, १९३८ चं.

बघायला सोपा, पण फसवतो भारी. एकतर रंग जमिनीला लागतो, माणसांना नाही. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीत सुमारे १०.७ लाख लोक होते आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी, मुंबई उपनगरात ९३.५ लाख लोक आणि जागा जेमतेम ४४६ चौ. किमी. म्हणजे नकाशावर गडचिरोली डोळ्यात भरते आणि तिच्या जवळपास नऊपट माणसं एका ठिपक्यात गडप होतात. परत गडचिरोलीचा बराच भाग जंगल, तरी रंग सगळीकडे सारखाच.

दुसरी गोम वर्ग पाडण्यात, म्हणजे कुठल्या आकड्यापासून कुठपर्यंत एक रंग हे ठरवण्यात आहे, आणि माझ्या मते खरी चलाखी इथेच चालते. त्याच जनगणनेत राज्यात लोकसंख्येची घनता (दर चौ. किमी लोक) गडचिरोलीत ७४ पासून मुंबई उपनगरात जवळजवळ २१,००० पर्यंत होती, याचे सारख्या अंतराचे पाच वर्ग पाडले तर दोन्ही मुंबई (शहर आणि उपनगर) सगळ्यात वरच्या वर्गात आणि उरलेले ३३ जिल्हे सगळेच्या सगळे सगळ्यात खालच्या, मधले तीन वर्ग रिकामे! पुणे आणि गडचिरोली एकाच रंगाचे. उलट प्रत्येक वर्गात सारख्याच संख्येने जिल्हे बसवले की महाराष्ट्र छान रंगीबेरंगी दिसतो, पण मग मुंबई आणि तिच्याहून कितीतरी विरळ जिल्हे एकाच छटेत. आकडे तेच हं, फक्त सूची (कुठला रंग म्हणजे किती, ते सांगणारी) बदलली.

म्हणून एकूण आकडे (रुग्ण, मतं, गाड्या) या पद्धतीत रंगवू नयेत, दर चौ. किमी किंवा दर लाख लोकांमागे असं प्रमाण काढूनच रंगवावं. एकूण लोक दाखवायचे तर टिंब पद्धत बरी, १० हजारांना एक टिंब धरलं तर गडचिरोलीत १०७ टिंबं सुटी सुटी बसतात, उपनगरात मात्र ९३५ टिंबांचा नुसता काळा डाग होतो.