फाइल उघडणारी शेल स्क्रिप्ट

फाइलच्या नावाचा तुकडा टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टाइप केला की ती शोधून योग्य ॲपमध्ये उघडणारी चार-पाच ओळींची आज्ञावली. औसा, निलंगा, उदगीर अशी तालुकावार फोल्डरे आणि त्यांत सातबारा, आठ-अ, पीकविम्याच्या पावत्या अशा शेकडो पीडीएफ साठवणाऱ्या मराठवाड्यातल्या सेवा केंद्राला ती विशेष सोयीची.

लिनक्सवर ‘फाइंड’ नावे शोधते, ‘एफझेडएफ’ सापडलेल्यांची यादी दाखवून निवड करू देते आणि ‘एक्सडीजी-ओपन’ ती फाइल तिच्या प्रकाराला नेमलेल्या ॲपकडे सोपवते. मॅकवर शेवटचे काम ‘ओपन’ करते, विंडोजवर ‘स्टार्ट’. यादीतून एस्केप दाबून बाहेर पडल्यास हाती रिकामे नाव येते, म्हणून उघडण्याआधी ते तपासणारी ओळ हवीच.

पहिल्या ओळीत बॅशचा (आज्ञा वाचून चालवणाऱ्या शेलचा) पत्ता लिहून ‘सीएचमॉड’ने चालवण्याची परवानगी द्यावी आणि स्क्रिप्ट पाथमधल्या, म्हणजे शेल आज्ञा जिथे शोधते त्या यादीतल्या फोल्डरात ठेवावी. उबुंटूत होम फोल्डरातले ‘.लोकल/बिन’ चालते, ते नव्याने बनवले असेल तर एकदा लॉगआउट करून परत यावे लागते. विंडोजवर लिहून आणलेली स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत अडली, तर ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे विंडोजचे अदृश्य चिन्ह राहिले आहे असे समजावे. ‘डॉस-टू-युनिक्स’ ते काढून टाकते.

खरा घोळ नावांचा. ‘सातबारा लातूर’ यातल्या मोकळ्या जागेमुळे शेल एका नावाचे दोन तुकडे करते, म्हणून $1 (स्क्रिप्टला दिलेला पहिला शब्द) नेहमी दुहेरी अवतरणात ठेवावे. शोधाच्या नमुन्यातला * (‘काहीही चालेल’ असे सांगणारे चिन्ह) अवतरणाबाहेर राहिला, तर फाइंडच्या हाती पडण्याआधीच शेल त्याचा विस्तार करू शकते. ‘7/12’ हे नाव तर लिनक्सवर देताच येत नाही, कारण तिरकी रेघ फोल्डर वेगळे करते, ‘7-12’ लिहावे. शिवाय 7 आणि ७ ही संगणकाला वेगळी चिन्हे.

देवनागरीत आणखी एक खोच आहे. ‘शेतकऱ्यांची’मधला अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ वापरून लिहितात, काही साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण फाइंड दिसणे नव्हे, आतले संकेत जुळवते आणि फाइल समोर असूनही ‘नाही’ म्हणते. अशा वेळी नुसते ‘शेतक’ शोधावे.

फाइंडऐवजी ‘लोकेट’ वापरल्यास शोध झटपट होतो, पण त्याची सूची सहसा दिवसातून एकदाच ताजी होते. सकाळी उतरवलेला सातबारा दुपारी त्यात नसेल. सूची ताजी करणारी ‘अपडेटडीबी’ चालवल्यावर दिसेल.