बँक्सिया : स्फुरद न सोसणारे ऑस्ट्रेलियन फुलझाड

बँक्सियाला भरपूर खत घालणे म्हणजे बहुधा ते झाड गमावणेच, आणि त्याचे कारण ऑस्ट्रेलियाच्या जमिनीत दडले आहे. एप्रिल १७७० च्या अखेरीस ‘एंडेव्हर’ जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील बॉटनी बेमध्ये नांगर टाकल्यावर जोसेफ बँक्स आणि डॅनियल सोलँडर या निसर्गअभ्यासकांनी या वनस्पतीचे नमुने जमवले. पुढे १७८२ मध्ये धाकट्या लिनिअसने (वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनिअसच्या मुलाने) बँक्सचे नाव देऊन ही प्रजाती (अनेक जातींचा गट) आणि तिच्या चार जाती नोंदवल्या. तिथल्या मूळ रहिवाशांना मात्र हे झाड त्याआधीच चांगले परिचयाचे होते. ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्येकडील नूंगार लोक मधाने ओथंबलेले तुरे पाण्यात भिजवून गोड पेय करीत.

आज बँक्सियाच्या सुमारे १७० जाती मानल्या जातात आणि त्यांतील बहुसंख्य पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य कोपऱ्यात आढळतात. तिथली जमीन अतिप्राचीन असून हिमनद्यांनी वा ज्वालामुखींनी ती दीर्घकाळ नव्याने घडवलेली नाही. त्यामुळे लक्षावधी वर्षांच्या पावसाने तिच्यातील पोषकद्रव्ये, विशेषतः स्फुरद (फॉस्फरस), धुऊन नेली आणि मागे निकस वाळू उरली. बँक्सियाची दाट झुबकेदार मुळे आम्लधर्मी द्रव्ये स्रवून वाळूच्या कणांना घट्ट चिकटलेला स्फुरद सोडवून घेतात. ही रचना खरोखर थक्क करणारी आहे. पण टंचाईत तग धरण्यासाठी घडलेल्या अनेक जातींना हे शोषण पुरेसे आवरता येत नाही, म्हणून सुपर फॉस्फेटसारखे खत मिळताच पाने पिवळी पडून करपू लागतात.

लागवडीच्या अटी यातूनच ठरतात : भरपूर ऊन, किंचित आम्लधर्मी रेताड जमीन आणि उत्तम निचरा. महाराष्ट्रातील पाणी धरून ठेवणारी काळी, चिकण जमीन याच्या नेमकी उलट आहे. आपल्या ओळखीचा सिल्व्हर ओक हा बँक्सियाच्याच प्रोटिएसी कुळातला, मात्र तो जमिनीच्या बाबतीत पुष्कळच सोशीक आहे.

निचऱ्याला आणखी एक गंभीर कारण आहे. फायटॉप्थोरा सिनॅमोमी हा बुरशीसदृश रोगकारक ओलसर मातीतून पसरून मुळे कुजवतो आणि नैऋत्येकडील कित्येक जाती त्याला सहज बळी पडतात. पूर्व किनाऱ्यावरील बँक्सिया इंटेग्रिफोलिया ही जात त्याला फारशी दाद देत नाही. म्हणून नाजूक जातींची कलमे तिच्या खुंटावर बांधण्याचा मार्ग तिथले बागायतदार अवलंबतात, जरी सर्वच जातींची कलमे दीर्घकाळ टिकत नाहीत.