अ‍ॅशलिंग ‘ती’ची ‘मी’ झाली तेव्हा

‘ओ माय गॉड, व्हॉट अ कम्प्लीट अ‍ॅशलिंग’ ही कादंबरी २०१७ साली आली आणि आयर्लंडमध्ये धडाक्यात खपली, हे वाचकांना ठाऊक आहे. पण तिची नायिका अ‍ॅशलिंग त्याच्या नऊ वर्षं आधीची. पत्रकारिता शिकताना ओळख झालेल्या दोन मैत्रिणींनी २००८ मध्ये फेसबुकवर एक गट काढला. त्यात गावाकडच्या एका ठरावीक मुलीच्या लकबी नोंदवायच्या. ऑफिसच्या कपड्यांवर स्पोर्ट्स शूज घालून चालत जाणारी, बाहेर पडल्यावर ‘इमर्शन’, म्हणजे पाणी तापवायचा विजेचा हीटर, चालू राहिला की काय या विचाराने कासावीस होणारी, रविवारची प्रार्थना सहसा न चुकवणारी. सदस्य भर घालत गेले. प्रत्येकाच्या ओळखीत अशी एक तरी होतीच.

आयर्लंडमधल्या बायकांचा आणि त्यांच्या पुस्तकांचा त्याआधीचा इतिहास मोठा आहे, पण इथे धावताच पुरे. १९२९ च्या सेन्सॉरशिप कायद्याखाली पुस्तकांवर बंदी येत असे. गावातून डब्लिनला गेलेल्या दोन मुलींची कादंबरी १९६० मध्ये त्याच कायद्यात सापडली. सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे, तो नियम १९७३ मध्ये गेला. घटस्फोटाला १९९५ च्या सार्वमताने वाट मिळाली, तीही अगदी काठावर. त्याच सुमारास आयरिश लेखिकांच्या विनोदी, घरगुती कादंबऱ्या जोरात खपू लागल्या. व्यसन, मृत्यू, मोडलेले संसार असं सगळं त्यांत होतं, तरी समीक्षकांनी त्यांवर ‘चिक-लिट’चा, म्हणजे पोरींसाठीच्या हलक्याफुलक्या वाचनाचा, शिक्का मारला. अ‍ॅशलिंगलाही तो चुकला नाही.

खरा पेच मात्र वेगळाच होता. फेसबुकवरची अ‍ॅशलिंग ही ‘ती’ होती. तिच्याकडे बघून हसणारे बहुतेक डब्लिनमध्ये स्थिरावलेले, त्यातले कित्येक स्वतः गावाकडचेच. पुस्तकात तिचं करायचं काय? अशा गटातून बहुधा भेट द्यायचं एखादं छोटं पुस्तक निघतं: याद्या, चित्रं, चार कोट्या. नाताळात खपतं आणि फेब्रुवारीत विसरलं जातं. लेखिकांनी तो रस्ता सोडला आणि अ‍ॅशलिंगलाच बोलायला लावलं. त्यांचा सगळ्यात धाडसी निर्णय मी यालाच म्हणेन. दक्षिण डब्लिनच्या श्रीमंत रग्बीवाल्या पोराच्या तोंडून चालणारं एक विनोदी सदर १९९८ पासून वृत्तपत्रात गाजत होतंच. पण तिथे थट्टा पैसेवाल्यांची होती. ती कोणालाच बोचत नाही. गावच्या कारकून मुलीची त्याच पद्धतीने थट्टा करायची, तर शहराने गावाला हसण्याचा जुनाच वास त्या थट्टेला आला असता. तो वास पूर्णपणे गेला आहे असं मलाही वाटत नाही. पहिल्या प्रकरणांत काही विनोद तिच्या डोक्यावरून वाचकाला डोळा मारतात. पण तिच्या वडिलांचं आजारपण पुढे येतं आणि हसणाऱ्याची जागा बदलते. लग्नाची मागणी येईल या आशेने तेनेरीफ या स्पॅनिश बेटावर सुट्टीला गेलेली, तशीच परतलेली अठ्ठावीस वर्षांची मुलगी ‘मी’ म्हणून बोलू लागली, की तिच्या काटकसरीला हसणं अवघड होतं.

काळानेही तिला साथ दिली. गट निघाला त्याच वर्षी आयर्लंडची तेजी कोसळली, सप्टेंबरमध्ये सरकारने बँकांची हमी घेतली आणि २०१० च्या अखेरीस देशाला बाहेरून कर्जाची मदत घ्यावी लागली. तेजीच्या शेवटी शेवटी हास्यास्पद वाटणारी मुलगी, म्हणजे पेन्शनच्या कंपनीत नोकरी करणारी, भाडं वाचवायला आईवडिलांच्या घरून रोज ये-जा करणारी, आता सगळ्यांत शहाणी दिसू लागली. डब्लिनची घरभाडी पुढे पुन्हा भडकली तेव्हा तर तिची ये-जा हा विनोदच उरला नाही.

पुढची पुस्तकं वेगाने आली. २०१८ मध्ये ती बॅलीगॉबर्डला, म्हणजे लेखिकांनी कल्पिलेल्या आपल्या गावी, परतून कॅफे काढते. तिसरं २०१९ चं. २०२१ मध्ये ती न्यूयॉर्कला जाते. आयरिश स्थलांतराची ही जुनीच वाट, पण ती उपासमारीने नाही, चांगल्या नोकरीसाठी निघते. २०२३ च्या पाचव्या भागात न्यूयॉर्क की गाव हा प्रश्न तिला सोडवावा लागतो आणि मालिका तिथेच संपते.