भारतीय क्रिकेट संघाचे परदेश दौरे, १९७१

भारतीय क्रिकेट संघाने १९७१ साली आधी वेस्ट इंडीजचा आणि मग इंग्लंडचा दौरा केला व दोन्ही कसोटी मालिका १–० अशा जिंकल्या. परदेशातला मालिकाविजय त्याआधी एकच होता, १९६७–६८चा न्यूझीलंडमधला. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या मराठी घरांत या वर्षाच्या गोष्टी अजून निघतात, आणि त्यात क्रिकेटइतकाच सीमाप्रश्नाचाही वाटा आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७च्या अहवालानेही शहर तिकडेच ठेवले, त्याचा राग ताजा होता. अशा वेळी भारताचा कर्णधार मुंबईचा अजित वाडेकर (तोही निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने झालेला), आणि संघात म्हैसूरचे प्रसन्ना, विश्वनाथ आणि पुढे इंग्लंडमध्ये चंद्रशेखर.

वेस्ट इंडीजमधल्या पहिल्या कसोटीचा पहिला दिवस किंग्स्टनला पावसात वाहून गेला. भारताची अवस्था ५ बाद ७५ होती; तिथून दिलीप सरदेसाईंनी २१२ धावा काढून डाव ३८७पर्यंत नेला. यजमान २१७त आटोपले. आघाडी १७० धावांची, म्हणजे पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन देण्यास (समोरच्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावण्यास) अपुरी; त्याला २०० लागतात. पण एक दिवस बुडाल्याने सामना चार दिवसांचा धरला गेला आणि १५० धावांची आघाडी पुरेशी ठरली. वाडेकरांनी यजमान कर्णधार सोबर्सना गाठून पुन्हा फलंदाजीला या म्हणून सांगितले. सामना अनिर्णित राहिला, पण यजमानांचा रुबाब त्या एका निरोपाने उतरला असे म्हणायला हरकत नाही. पोर्ट ऑफ स्पेनची दुसरी कसोटी भारताने सात गडी राखून जिंकली. तिथेच पदार्पण केलेल्या सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. सरदेसाईंच्या धावा ६४२. सरदेसाई मूळचे मडगावचे. खानापूरच्या घाटाखालचा माणूस म्हणून इकडे त्यांचे कौतुक जरा जास्तच.

इंग्लंडमधल्या पहिल्या दोन कसोटी अनिर्णित राहिल्या. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत इंग्लंडला पहिल्या डावात ७१ धावांची आघाडी मिळाली होती. चौथ्या दिवशी चंद्रशेखरांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१वर संपला. लहानपणी पोलिओने बारीक झालेल्या उजव्या हाताने ते लेगस्पिन टाकत. चेंडू गुगली म्हणजे उलटा वळणारा येणार की वेगात सरळ घुसणार, हे फलंदाजाला हातावरून कळत नसे. शॉर्ट लेगला, फलंदाजाच्या अगदी जवळ उभ्या एकनाथ सोलकरांनी ॲलन नॉटचा पुढे झेप घेऊन घेतलेला झेल हा त्या डावातला दुसरा चमत्कार. भारताला १७३ धावा हव्या होत्या.

अखेरचा दिवस २४ ऑगस्ट, गणेश चतुर्थी. प्रेक्षकांनी मैदानावर बेला नावाची हत्तीण आणली होती. सकाळीच वाडेकर धावबाद झाले आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन झोपले. विजय चार गडी राखून मिळाला तेव्हा तिकडे दुपार होती. इकडे साडेचार तास पुढे, संध्याकाळच्या आरतीची वेळ. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या घरी ही गोष्ट दरवर्षी मोदकांबरोबर पानात पडते. काकांचे एक वाक्य ठरलेले: ‘चंद्रा आमचाच की!’ एरवी म्हैसूर हा शब्द काढला तरी ते ताटावरून उठायचे.

काकांची पंचाईत पुढे झाली. सलग पंधरा वर्षे रणजी करंडक राखणाऱ्या मुंबईला १९७३–७४च्या उपांत्य सामन्यात प्रसन्नांच्या कर्नाटकने (म्हणजे आधीच्या म्हैसूरने) बाहेर काढले. त्या सामन्यातही वाडेकर धावबादच झाले होते, पाय घसरून. ‘चंद्रा कुणाचा?’ असे त्या आठवड्यात काकांना घरात कोणी विचारले नाही.