कॉन्ट्रॅक्ट संपवून जाणारा आणि कॉन्ट्रॅक्ट असताना अडून बसणारा: दोघांना एकाच मापाने मोजू नका

दर ट्रान्सफर विंडोला (फुटबॉल क्लबना खेळाडू घ्यायला-विकायला ठरवून दिलेल्या काळात) तेच सुरू होतं. अमका खेळाडू क्लब सोडतोय अशी बातमी आली की 'गद्दार', 'पैशासाठी गेला', 'क्लबने मोठा केला आणि क्लबलाच विसरला' ही वाक्यं तयारच असतात, पण तो नक्की कसा सोडतोय हे बघायला कुणी थांबत नाही. २०२५ मध्ये तर कहर झाला. मे महिन्यात लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डने कॉन्ट्रॅक्ट वाढवणार नाही असं जाहीर केलं आणि घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर, त्याच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. ऑगस्टमध्ये न्यूकॅसलचा अलेक्झांडर इसाक कॉन्ट्रॅक्ट शिल्लक असताना टीमसोबत खेळायला तयार नव्हता. आणि मग 'आजकालच्या पोरांना निष्ठाच नाही' म्हणत ही दोन नावं एका दमात घेतली जायला लागली, अजूनही जातात. माझ्या मते हे दोन प्रकार एकमेकांच्या पार उलटे आहेत.

फ्री ट्रान्सफर म्हणजे काय ते बहुतेकांना माहितीये त्यामुळे पटकन सांगतो. कॉन्ट्रॅक्ट संपलं की खेळाडू मोकळा, जुन्या क्लबला ट्रान्सफर फी, म्हणजे खेळाडू सोडण्याबद्दल नव्या क्लबने द्यायचे पैसे, मिळत नाही. शेवटच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबशी पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट आधीच करून ठेवू शकतो, हे फिफाच्या नियमातच आहे. हा हक्क मात्र फुकट मिळालेला नाही. जाँ-मार्क बॉसमनचं बेल्जियमच्या लिएज क्लबबरोबरचं कॉन्ट्रॅक्ट १९९० मध्ये संपलं, नव्या ऑफरमध्ये पगार पाव केला होता म्हणून त्याने नाही म्हटलं, त्याला फ्रान्सच्या डंकर्क क्लबकडे जायचं होतं, आणि कॉन्ट्रॅक्ट संपलेलं असूनही ते जाणं फीच्या भानगडीत अडकलं. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपियन कोर्टाचा निकाल त्याच्या बाजूने लागला, पण तोवर त्याची खेळायची वर्षं कोर्टातच गेली होती.

बाकी छोटे फरक आहेत, फी कुणाला मिळते, एजंटला किती जातं, खेळाडूला साइनिंग बोनस किती मिळतो (फ्रीमध्ये जास्त मिळतो, कारण फीचे पैसे वाचलेले असतात), यात कुणाचा फारसा गोंधळ होत नाही.

गोंधळ होतो तो इथे: खेळाडू क्लबचं नक्की काय देणं लागतो आणि ते कधी फिटतं?

कॉन्ट्रॅक्ट म्हणजे दोन बाजूंनी दिलेला शब्द. क्लब म्हणतो की या तारखेपर्यंत तुला पगार देईन, तू जखमी झालास, फॉर्म गेला, नवीन कोचला तू आवडला नाहीस तरी देईन. खेळाडू म्हणतो की या तारखेपर्यंत मी ट्रेनिंगला येईन, निवडलं तर खेळेन, जीव तोडून खेळेन. बस, एवढंच. त्या तारखेनंतरचं काहीच यात लिहिलेलं नसतं. ट्रेंट सहा वर्षांचा असताना लिव्हरपूलच्या अकॅडमीत आला, २०१९ ला चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा), २०२० ला इंग्लंडची लीग, आणि जाता जाता २०२५ ची लीगसुद्धा जिंकून दिली, कॉन्ट्रॅक्ट ३० जूनला संपत होतं. त्याने शब्द मोडला असं दाखवता येईल अशी एक गोष्ट मला कुणीतरी सांगा. उलट तो ज्या क्लबकडे जाणार होता त्या रियाल माद्रिदला तो क्लब वर्ल्ड कपसाठी महिनाभर आधी हवा होता तर त्यासाठी त्यांनी लिव्हरपूलला पैसे मोजले. एका महिन्याचे! म्हणजे तारखेच्या आत तो क्लबचा होता हे रियाललाही मान्यच होतं.

आता इसाक. २०२२ मध्ये न्यूकॅसलला आला, कॉन्ट्रॅक्ट २०२८ पर्यंत. २०२४-२५ मध्ये लीगमध्ये २३ गोल, वर लीग कपच्या फायनलमध्ये लिव्हरपूलविरुद्ध गोल, न्यूकॅसलला ७० वर्षांनी देशातली मोठी ट्रॉफी मिळाली. शहराने डोक्यावर घेतलं. आणि पुढच्याच प्री-सीझनला तो टीमबरोबर आशियाच्या दौऱ्यावर गेला नाही, एकटा स्पेनमध्ये आपल्या जुन्या क्लबच्या मैदानावर सराव करत राहिला, सीझन सुरू झाला तरी एकही मॅच खेळला नाही. १ सप्टेंबरला, विंडोच्या शेवटच्या दिवशी, १२.५ कोटी पौंडांना लिव्हरपूलला गेला. तीन वर्षं शिल्लक होती. ज्या तारखेपर्यंत खेळेन म्हणून सही केली तिच्या आतच त्याने काम थांबवलं, म्हणजे क्लबचं देणं फिटलेलं नसताना.

आणि यात मला सगळ्यात खटकतं ते लिव्हरपूलच्या फॅन्सचं वागणं. ज्यांनी मे महिन्यात ट्रेंटची हुर्यो उडवली त्यातल्याच कित्येकांनी सप्टेंबरमध्ये इसाकचं वाजतगाजत स्वागत केलं. सगळा शब्द पाळून गेला तो नालायक आणि शब्द मोडून आला तो आपला हिरो. निष्ठेबद्दल बोलायचं असेल तर दोन्हीकडे एकच माप लावा ना.

यावर ठरलेलं उत्तर येतं. 'जायचंच होतं तर आधी कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं होतं आणि मग जायचं, म्हणजे क्लबला चार पैसे मिळाले असते.' मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. म्हणजे ज्याला राहायचं नाही त्याने राहीन म्हणून सही करायची, आणि सही करताना मनात जायचं ठेवायचं? हा खोटेपणा झाला, आणि आपण त्याला निष्ठा म्हणायचं? शिवाय सही केल्यावर क्लबने पुढे सोडलं नाही तर? मग तोच खेळाडू इसाकसारखा अडून बसणार आणि आपण परत त्यालाच शिव्या घालणार. क्लबला पैसे हवे होते तर दोन वर्षं शिल्लक असताना एकतर सही करून घ्यायची किंवा विकायचं, तो निर्णय क्लबचा, चुकला तर चूक क्लबची. आणि त्याच सीझनमध्ये लिव्हरपूलच्याच सालाह आणि व्हॅन डाइक यांचीही कॉन्ट्रॅक्टं संपायलाच आली होती, एप्रिलमध्ये दोघांनी वाढवली. तोपर्यंत तेही ट्रेंटएवढेच मोकळे होते, त्यांनी हो म्हटलं, याने नाही म्हटलं. नाही म्हणायचा हक्क नसेल तर त्या हो ला तरी काय अर्थ राहतो?

कॉन्ट्रॅक्ट संपवून कसं जावं याचं माझ्यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण लेवांडोस्की. २०१३ मध्येच जर्मनीतल्या बायर्न क्लबला तो हवा होता, त्याच्या डॉर्टमुंड क्लबने सोडलं नाही, एक वर्ष ठेवून घेतला, फी गेली तरी चालेल म्हणून. जानेवारी २०१४ मध्ये त्याने बायर्नबरोबर सही केल्याचं जाहीर झालं, सगळ्या जगाला माहीत होतं की हा सहा महिन्यांनी सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याकडे जाणार. आणि त्या सीझनला बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या लीगमध्ये, सर्वाधिक गोल कुणाचे? त्याचेच, २०. क्लबने विचारपूर्वक पैशांऐवजी गोल निवडले आणि याने ते दिले, हिशोब चुकता. तोच डॉर्टमुंड, २०१७ मध्ये उस्मान डेम्बेले बार्सिलोनाला जायचं म्हणून ट्रेनिंगलाच आला नाही, क्लबने सस्पेंड केलं, आणि शेवटी १०.५ कोटी युरो अधिक बोनस घेऊन विकला. पैशात बघाल तर डेम्बेलेने क्लबचं भलं केलं आणि लेवांडोस्कीने नुकसान. मला विचाराल तर मी कधीही लेवांडोस्कीची बाजू घेईन, कारण क्लबच्या बॅलन्सशीटवरून खेळाडूचं इमान मोजायचं नसतं.

एक मात्र नीट समजून घ्या, नाराज असणं आणि अडून बसणं हेही वेगळं. खेळाडू नाराज असू शकतो, मला जायचंय असं सरळ सांगू शकतो, लेखी ट्रान्सफर रिक्वेस्ट देऊ शकतो, त्यात काही वावगं नाही. क्लब नाही म्हणू शकतो. नाही म्हटल्यावर पुढच्या शनिवारी बूट घालून मैदानात उतरतो की नाही, बघायचं ते इथे. इसाकचं म्हणणं होतं की त्याला शब्द दिला गेला होता आणि तो मोडला, क्लबने जाहीरपणे सांगितलं की सोडू असा शब्द कुणीच दिला नव्हता. इंग्लंडच्या हॅरी केनचंही २०२१ मध्ये त्याच्या टॉटनहॅम क्लबबरोबर असंच झालं, तोंडी समझोत्याची चर्चा, आणि तो प्री-सीझनला उशिरा आला. तोंडी आश्वासनावर विसंबून कामच बंद करणं मला मान्य नाही. सोडायची अट हवी होती तर ती सही करतानाच कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्यायची.

आणि अशी अट लिहून घेता येते, तिलाच रिलीज क्लॉज म्हणतात, ती वापरून गेलेलासुद्धा कॉन्ट्रॅक्ट मोडून जात नाही. २०१३ मध्ये मारिओ गोट्झं डॉर्टमुंडहून बायर्नला गेला, ३.७ कोटी युरोंचा क्लॉज, आणि बातमी फुटली ती रियालविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलच्या आदल्या दिवशी. वेळ भयानक होती, फॅन्सना राग येणं मला पूर्ण समजतं, पण आकडा क्लबच्याच सहीखाली होता. वाईट वाटणं वेगळं, फसवणूक झाली म्हणणं वेगळं.

हाच नियम क्लबलाही लावा, ते आपण सोयीस्कर विसरतो. २०२२ मध्ये फ्रेंकी डी याँगला विकायला बार्सिलोना तयार होती, त्याचा बराच पगार पुढे ढकललेला होता, कॉन्ट्रॅक्ट शिल्लक होतं, तो म्हणाला मी जाणार नाही, आणि नाही गेला. तेव्हा त्याला क्लबच्या अडचणी समजत नाहीत म्हणून बोल लावणारे होतेच. खेळाडूला एकटं ट्रेनिंग करायला लावायचं, जर्सीचा नंबर काढून घ्यायचा, म्हणजे कंटाळून सही करेल किंवा निघून जाईल, हे क्लबचं अडून बसणंच आहे. फिफाच्या नियमात हे स्पष्ट आहे: समोरच्याने कॉन्ट्रॅक्ट सोडावं किंवा अटी बदलाव्यात म्हणून त्याला छळलं तर ते समोरच्याला कॉन्ट्रॅक्ट तोडायला रास्त कारण ठरतं, मग छळणारा क्लब असो की खेळाडू.

मधलं, खरंच अवघड प्रकरण एकच वाटतं, मेस्सी २०२०. ऑगस्टमध्ये त्याने बार्सिलोनाला कळवलं की सीझन संपल्यावर फुकट जायचा क्लॉज वापरतोय. क्लब म्हणाला मुदत १० जूनला संपली. तो म्हणाला कोविडमुळे सीझनच ऑगस्टमध्ये संपलाय. दोघांच्याही म्हणण्यात दम होता. तेव्हा तो कोविड टेस्टला आणि पहिल्या ट्रेनिंगला आला नाही, ते मला आवडलं नव्हतं. पण आठवड्याभरात तो म्हणाला, ज्या क्लबने मला सगळं दिलं त्याला कोर्टात खेचणार नाही, आणि परत आला. त्या सीझनला लीगमध्ये ३० गोल केले, सर्वाधिक, आणि स्पॅनिश कपही जिंकला. ३० जून २०२१ ला कॉन्ट्रॅक्ट संपलं. तेव्हा त्याला राहायचं होतं, आणि ला लिगाच्या, म्हणजे स्पेनच्या लीगच्या, आर्थिक नियमांमुळे क्लबला त्याला खेळाडू म्हणून नोंदवता आलं नाही.