मालिश : जुनाट स्नायूदुखीवरील

3 महिन्यांहून अधिक काळ टिकलेली किंवा वरचेवर उलटणारी स्नायूंची दुखी हलकी करण्यासाठी हाताने चोळणे, मळणे आणि दाबणे या क्रियांचा केलेला उपचार. अंग रगडून घेण्याची तालमीतली रीत आणि बाळ-बाळंतिणीचे तेल लावणे ही याची जुनी भावंडे. पण जुनाट दुखीत सगळे अंग नव्हे, तर आखडलेला नेमका स्नायू शोधावा लागतो.

मुंबईत ही दुखी बहुधा मान, खांदे आणि कंबर गाठते. लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरायची, दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर मान झुकवायची आणि एकाच खांद्याला लॅपटॉपची बॅग, असा तास-दीड तास रोज दोनदा गेला की मान सैल व्हायला सवडच मिळत नाही. माथाडी कामगाराच्या पाठीवरचे ओझे, कोळणीच्या डोक्यावरची पाटी आणि शिंप्याचे मशीनवरचे वाकणे यांचाही परिणाम तसाच होतो.

सर्वांत जास्त तक्रार असते ती मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत पसरलेल्या ट्रॅपिझियस या स्नायूची. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत तो धरून हळूहळू चाचपला, तर ताणलेल्या सुतळीसारखा एक पट्टा लागतो आणि त्यात एक जागा फार हुळहुळी असते. लोक तिला ‘गाठ’ म्हणतात. ती दाबली की कळ मानेच्या कडेने कानामागे आणि कानशिलापर्यंत चढते. डोके दुखते म्हणून गोळ्या घेणाऱ्या काहींचे मूळ दुखणे खांद्यातच असते. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी 1983 मध्ये अशा जागांचे आणि त्यांतून उमटणाऱ्या कळांचे तपशीलवार नकाशे प्रसिद्ध केले. गाठीत नेमके काय घडते यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

मालिशने ‘साचलेले लॅक्टिक ॲसिड निघून जाते’ ही समजूत चुकीची आहे. व्यायामाने वाढलेले लॅक्टेट शरीर तास-दोन तासांत आपोआप निकाली काढते, त्यामुळे वर्षभराच्या दुखीशी त्याचा संबंध नाही. मालिशचा मुख्य परिणाम मज्जासंस्थेवर होतो. स्पर्श आणि दाब यांचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवतात, असा सिद्धान्त रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडला. त्यात पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे. स्नायू सैल पडतो, तो काही तासांपुरता किंवा काही दिवसांपुरता. त्या सवडीत मान वळवणे, खांद्याचे फरे मागे ओढणे, कंबरेचे व्यायाम हे सुरू केले नाहीत, तर दुखणे पुन्हा पूर्वीच्या जागी येऊन बसते.

मान-खांद्याच्या मालिशची रीत. रुग्णाने खुर्चीवर उलटे बसून पाठीच्या टेकणीवर उशी घ्यावी आणि तिच्यावर कपाळ टेकावे. तेल दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे 10 मिली, पुरते. खोबरेल, तीळ, मोहरी यांपैकी कोणतेही चालते, कारण येथे तेलाचे मुख्य काम घर्षण कमी करणे हे असते. तेल जास्त झाले की बोट गाठीवरून घसरते. पहिली 5 मिनिटे मानेकडून खांद्याकडे तळहाताचे लांब, हलके हात फिरवावेत. पुढची 5 ते 7 मिनिटे कणीक मळावी तसा स्नायू उचलून मळावा. मग गाठ. अंगठ्याचा दाब 5 सेकंदांत सावकाश वाढवत ‘दुखतंय, पण बरं वाटतंय’ इथे थांबावा. 10 पैकी 5-6 एवढीच वेदना असावी. 30 ते 60 सेकंदांत ती ओसरू लागते. दीड मिनिटात ओसरली नाही तर हात काढून घ्यावा. एका बैठकीत चार-पाच गाठींहून जास्त दाबू नयेत. शेवटी पुन्हा हलके हात आणि गरम पाण्यात पिळलेला टॉवेल.

‘जेवढे दुखेल तेवढे बरे’ या समजुतीने सर्वांत जास्त नुकसान होते. दाब फार झाला की रुग्ण श्वास रोखतो, खांदे कानांकडे चढतात आणि पायांची बोटे आवळली जातात. त्या क्षणी स्नायू सैल होण्याऐवजी स्वतःला वाचवायला आखडतो. दुसऱ्या दिवशी थोडे ठणकणे स्वाभाविक आहे. दोन दिवसांनंतरही ठणका राहिला किंवा काळे-निळे डाग पडले, तर दाब चुकला. मुंबईच्या दमट हवेत तेल अंगावर तसेच ठेवल्यास केसांच्या मुळांशी फोड येतात, म्हणून तासाभरात कोमट पाण्याने आणि बेसनाने धुऊन काढावे.

केशकर्तनालयात चंपीनंतर झटक्याने मान मोडून घेण्याची सवय मात्र सोडलीच पाहिजे. मेंदूकडे जाणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून वर जातात. झटक्याने त्यांचे अस्तर फाटू शकते, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येऊ शकतो. अशा झटक्यानंतर मान कधी नव्हे अशी दुखू लागली, चक्कर आली, दोन-दोन दिसू लागले किंवा बोलणे अडखळले, तर थेट रुग्णालय गाठावे.

मानदुखीवरील एका अमेरिकी अभ्यासात आठवड्यातून 2-3 वेळा, दर वेळी 60 मिनिटे, असे 4 आठवडे मालिश घेणाऱ्यांना चांगला गुण आला. 30 मिनिटांच्या बैठकांचा तेवढा उपयोग झाला नाही. कंबरदुखीत फायदा दिसतो, पण तो अल्पकाळचा आणि त्याचे पुरावे कमकुवत आहेत.

एकच पोटरी सुजून गरम झाली असेल तर तिला मुळीच हात लावू नये. शिरेत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताप, हाडांची ठिसूळता, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पायातला वाढता बधिरपणा या गोष्टी असल्यास आधी डॉक्टर. लघवी-शौचावरचा ताबा गेला तर तातडीने रुग्णालय. डाव्या खांद्याची कळ छातीतल्या जडपणासोबत आली तर ती हृदयाची असू शकते, तेव्हा तेलाची बाटली शोधत बसू नये. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या, ड जीवनसत्त्वाची उणीव आणि मंदावलेले थायरॉइड यांनीही अंग दुखते. त्यांवर मालिश हा इलाज नव्हे.

मुंबईत गिरगाव चौपाटीवर बाटल्या खणखणवत फिरणाऱ्या तेलमालिशवाल्यापासून फिजिओथेरपिस्टपर्यंत हे काम करणारे अनेक आहेत. फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण देशात प्रथम याच शहरात, परळच्या केईएम रुग्णालयात, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरू झाले. 3 महिन्यांहून जुनी दुखी असेल तर पहिली तपासणी तिथल्यासारख्या विभागात करून घ्यावी. चौपाटीची चंपी थकवा घालवायला उत्तम.

रोज मालिश करणाऱ्यांचा अंगठा बुडाशी झिजतो. त्यासाठी अंगठ्यावर दुसरा अंगठा ठेवावा, खोल दाबासाठी कोपर वापरावे आणि जोर बोटांनी न लावता अंग पुढे झुकवून लावावा. टेबलाची उंची हात सैल सोडल्यावर मुठी टेकतील एवढी असावी. त्याहून उंच टेबलावर काम केले की काही महिन्यांत मालिश करणाऱ्याचेच खांदे भरून येऊ लागतात.